केझायाचा डावा बूट

मी केझायाची तसबीर बोलतेय. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीकाठच्या गावात तिच्या बापानेच मला रंगवलं. असाहेल त्याचं नाव. खाणावळींच्या पाट्या रंगवणारा माणूस; घोडा झकास काढायचा, पण माणसाचे हात त्याला कधी जमले नाहीत. माझे पाहा, नुसते कणकेचे गोळे आहेत!

सहा वर्षांची केझाया समोर उभी होती, तीही चुळबुळत. नवा बूट चावत होता, म्हणून तिने डाव्या पायातला भिरकावून दिला. असाहेलने तो अनवाणी पाय तसाच काढला.

मला पाहून तिची आई हुल्दा पांढरीफटक पडली.

"अहो, हे काय करून ठेवलंत? एक पाय अनवाणी मेलेल्या पोरांचा काढतात!"

आमच्याकडची रीतच होती ती. गेलेल्या लेकराच्या तसबिरीत एक बूट निघालेला दाखवायचा, पाहणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

"दिसलं ते काढलं," असाहेल म्हणाला. "तुझ्या शंकाकुशंका रंगवायला बसलेलो नाही मी."

त्याच आठवड्यात केझायाचा घसा धरला. गावात घशाच्या तापाची साथ होती. माडीवरून तिचा घरघरता श्वास मला ऐकू यायचा. जरा अडकला की माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

हुल्दा जिना उतरून आली. "बूट घाला तिला."

"अगं, रंगाने का कुठे ताप उतरतो?"

"नसेल उतरत. घाला म्हणते ना!"

असाहेलने कुंचला उचलला. हट्टी माणूस, पण घाईघाईने रंग कालवला. काळा रंग माझ्या बोटांवर चढू लागला. वरून श्वास येत होता, अजून येत होता. कुंचला टाचेशी पोचला तेव्हा श्वास यायचा थांबला.

तिला पुरून आल्यावर असाहेल सुरी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. आता रीतीप्रमाणे तो बूट खरवडायला हवा होता. हुल्दाने त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या. अनवाणी कुठे पाठवताय तिला?"

आज मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत टेबलावर आडवी पडले आहे. चष्मेवाल्या बाई वाकून म्हणतात, "हा बूट नंतर कुणीतरी थापलाय. किती बेढब! खालचा मूळ पाय सुरेख असणार." त्यांनी कापसाचा बोळा रंग काढायच्या औषधात बुडवलाय.

बाई, तुमचं खरं आहे, बूट बेढबच आहे. पण तुमच्या पाया पडते, तो काढू नका. तो तिच्या आईने घातलाय.