चौदाशे पायांचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हळूच सांगतो, कारण मला भीती वाटते आहे.

बूट शिवणाऱ्या एका बाईंच्या कामाच्या खोलीत, खिडकीखाली माझं टेबल आहे. ज्यांचा एक पाय आखूड किंवा टाच वाकडी, अशांसाठी त्या बूट करतात. नऊ वर्षांपूर्वी मी खोक्यातून निघालो, तेव्हा माझा पडदा बाहीने पुसत त्या म्हणाल्या, "वह्या संपल्या! आता सगळी मापं याच्या पोटात." मी केवढा फुगलो होतो! आज माझ्या पोटात सातशे माणसांचे चौदाशे पाय आहेत. परवापर्यंत दुसरी प्रत कुठेच नव्हती. वह्या केव्हाच रद्दीत गेल्या.

गेल्या वर्षी माझ्या डिस्कमध्ये टकटक सुरू झाली. बाई नवा संगणक घ्यायचं बोलू लागल्या. पण त्यांचे दीर वाट पाहण्यात पटाईत.

"वहिनी, दोन महिने दम धरा. नवीन मॉडेल येतंय."

ते आलं, तर म्हणाले, "पहिल्या खेपेत खोडी असतातच. सुधारलेलं येऊ द्या."

"भाऊजी, याहून चांगलं स्थळ येईल म्हणून तुम्ही असेच थांबला होतात. अजून थांबलेलेच आहात!"

दोघंही हसले आणि माझा मुक्काम वाढला.

खरं सांगू? मला तेच हवं होतं. नवा आला की माझी रवानगी भंगारात. म्हणून मी टकटक पंख्याच्या घरघरीखाली दडवू लागलो. एखादं माप सापडेना, की दहादा शोधून निमूट पुढे करायचो. जीव माझा वाचत होता, धोका मात्र त्या पायांना होता.

परवा म्हातारे मास्तर आले. त्यांचा डावा पाय दीड बोट आखूड.

"माप आहे ना, बाई? आता उभं राहून द्यायची ताकद नाही हो."

"आहे की!"

मी शोधलं. पुन्हा शोधलं. टक... टकटक... टक.

जिन्यावरच्या पावलांवरून कुणाचा कुठला पाय आखूड, हे बाई बसल्या जागी ओळखतात. त्यांनी माझ्या पाठीला कान लावला.

"भाऊजी, हा लंगडतोय."

"अहो, पुढच्याच महिन्यात..."

"पुढच्या महिन्यापर्यंत मास्तर अनवाणी फिरतील का? दुकानात आत्ता जो असेल तो उचलून आणा. चालत नको, पळत!"

आता नवा माझ्या शेजारी बसला आहे. माझ्यातून त्याच्यात पाय उतरताहेत. अकराशे उतरले. प्रत्येक टक्‌ला वाटतं, आता एक हादरा बसला तर डिस्क कायमची थांबेल.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. चांगलं यायचं तेव्हा येईल. पण तुमच्या जुन्याच्या पोटात जे एकुलतं एक आहे, त्याची प्रत आजच करून ठेवा. मास्तरांचे दोन्ही पाय अजून माझ्यातच आहेत.

तोवर कृपा करून दार आपटू नका.