मोठा अल्टरनेटर

बायकोचा श्वास मशीनवर आला, तेव्हापासून निवृत्त बसचालकाच्या घरात बाहेर जायचा विषय निघेनासा झाला. मशीन म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकापर्यंत पोचवणारं खोकं. ते भिंतीतल्या सॉकेटला लावलेलं असायचं आणि नळी पोचेल तेवढंच तिचं जग होतं: पलंग, खिडकी, स्वयंपाकघराचं दार.

तिची थोरली बहीण शेजारच्या शहरात राहायची. ती आता घर आवरून मुलीकडे परदेशी निघाली होती, कायमची. "एकदा भेटवाल का हो तिला?" बायको म्हणाली. हे विचारताना ती नवऱ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

बसचालकाने ते मनावर घेतलं. आपली जुनी व्हॅन घेऊन तो कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेला. तिथल्या इलेक्ट्रिशियनला सगळे 'शॉक' म्हणायचे. कारण विचारलं तर तो शर्टाची बाही वर करून जुना डाग दाखवायचा.

"काका, इन्व्हर्टर लावून मशीन चालेल," शॉक म्हणाला, "पण गाडीत वीज तयार करतो तो अल्टरनेटर, आणि तुमचा आहे एवढासा. हेडलाइट, पंखा आणि वर मशीन म्हटल्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलात की बॅटरी मान टाकणार."

"मग?"

"मोठा अल्टरनेटर बसवू. मशीनसाठी मागे वेगळी बॅटरी. दोन्हींच्या मध्ये जाड केबल, फ्यूज आणि एक रिले, म्हणजे मागची रिकामी झाली तरी पुढचीला धक्का नाही."

नवा अल्टरनेटर जुन्या जागेत बसेना. शॉकने ब्रॅकेट घासून घासून बसवला, पट्टा बदलला, केबल गालिच्याखालून मागे नेली. बसचालक रोज स्टूल टाकून समोर बसायचा. "काका, घरी जा, मी काही पळून जात नाही," शॉक म्हणायचा. काका हलायचे नाहीत. काम झालं त्या दिवशी बसचालकाने मशीनच्या जागी तेवढीच वीज खाणारा बल्ब लावून सगळे दिवे, पंखा, वायपर एकदम चालू केले आणि मीटरचा काटा जागचा हलत नाही हे डोळे भरून पाहिलं.

याच सुमारास मुलगा आला होता. तो गावातच वेगळा राहायचा, आपल्या टेम्पोतून कार्यक्रमांना लाइट-साउंड पुरवायचा. गाडीखाली वाकून बघत म्हणाला, "बाबा, भारी काम झालंय. शनिवारी मला द्या ना. मैदानावर जनरेटर नाही मिळत."

"ही गाडी आता आईची आहे," बसचालक म्हणाला. मुलगा हसला आणि विषय तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी ते दोघं निघाले; बहिणीचं विमान त्याच दिवशी होतं. ती मागच्या सीटवर, शेजारी मशीन. तिने बहिणीसाठी विणलेला स्वेटर मांडीवर घेतला होता. गावाबाहेर पडल्यावर ती खिडकीला नाक लावून बसली आणि दिसेल ते वाचू लागली: दुकानांच्या पाट्या, ट्रकांमागची अक्षरं. बसचालकाला आरशात तिचं तोंड दिसत होतं. बसवर असताना हजारो माणसं त्याने पोचवली होती, पण आरशात इतक्या वेळा कधी पाहिलं नव्हतं.

निम्म्याहून जास्त रस्ता सरला आणि काहीतरी जळाल्याचा वास आला. पाठोपाठ इन्व्हर्टर ओरडू लागला आणि बंद पडला. मशीन स्वतःच्या छोट्या बॅटरीवर गेलं. ती बॅटरी थोडा वेळच पुरणार होती.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. आणि त्याने गाडी दामटली.

पेट्रोल पंप लागला तेव्हा ती बॅटरीही संपली होती आणि तिचे ओठ निळसर झाले होते. पंपावरच्या माणसाने काही न विचारता ऑफिसातला कूलर काढून सॉकेट मोकळं करून दिलं. मशीन सुरू झालं. ऑइलच्या डब्यांमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर ती डोळे मिटून बसली.

बसचालकाने जाऊन गालिचा उचलला. जाड केबल मधेच तोडून तिला बारीक वायरचा तुकडा जोडला होता, फ्यूजच्या जागी तारेचं वेटोळं. वायर वितळून गालिच्याला चिकटली होती. असलं काम शॉकचं नव्हतं.

तो आत आला. "गाडी कोणी नेली होती?"

तिने डोळे उघडून नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाली, "तुम्ही शनिवारी डॉक्टरांकडे गेला होतात तेव्हा. चावी मीच दिली."

"मी नाही म्हटलं होतं त्याला."

"म्हणून तर तो माझ्याकडे आला. त्याचं काम अडलं होतं हो. मला काय ठाऊक, असं होईल."

बहिणीचा फोन आला. तिला विमानतळावर न्यायला गाडी दारात उभी होती. दोघी फोनवर बोलल्या, म्हणजे बहीण बोलली आणि ही नुसती हुंकारत राहिली. धाप लागत होती म्हणून की रडू आवरत होती म्हणून, ते बसचालकाला कळलं नाही.

दुपारी मुलगा मित्राची गाडी आणि भाड्याचा सिलिंडर घेऊन आला. "काय झालं? एवढ्या मोठ्या अल्टरनेटरला काय धाड भरली?"

बसचालकाने तोंड उघडलं, पण बायकोच आधी बोलली. "काही नाही रे. कुठेतरी वायर सैल होती. तू जेवलास का?"

मुलाने बापाकडे पाहिलं. बाप सिलिंडर उचलायला वाकला. त्या क्षणी त्याला मुलापेक्षा बायकोचाच राग जास्त आला, आणि नळीतून श्वास घेणाऱ्या माणसावर राग काढायचा तरी कसा, म्हणून तो गिळून टाकला.

पुढच्या आठवड्यात त्याने शॉकला सगळं काढायला सांगितलं. शॉक म्हणाला, "केबल बदलून देतो काका, बाकी सगळं ठणठणीत आहे. काढता कशाला?"

"कुठे जायचंय आता?"

काढलेला अल्टरनेटर मागच्या बॅटरीसकट गोणपाटात बांधून त्याने घरी आणला. बायकोने पलंगावरून पाहिलं.

"पडून कशाला राहील तो," ती म्हणाली. "त्याला द्या. त्याच्या टेम्पोला होईल."

संध्याकाळी मुलगा आला आणि घेऊन गेला. त्याला जड जात होतं म्हणून बापाने दुसरी बाजू धरून टेम्पोपर्यंत पोचवला.