आजोबांचा अर्धा टोस्ट

मी या घरातला म्हातारा कुत्रा बोलतोय. वय बारा, आणि तोंडाचा वास असा की मी जांभई दिली की आजोबांच्या सूनबाई उठून खिडकी उघडतात. या घरात आलो तेव्हा आजोबांच्या बुटात मावत होतो. पुढे त्याच बुटाच्या चिंध्या केल्या, पण आजोबा रागावले नाहीत. मला 'साहेब' म्हणायला लागले, ते आजतागायत.

आजोबांना स्वतःचा एकही दात नाही. कवळी बोचते म्हणून सकाळी ती न लावताच ते टोस्ट चहात बुडवून खातात आणि मऊ झालेला अर्धा टेबलाखालून मला देतात. सगळ्या घराला ठाऊक असलेलं हे आमचं गुपित.

यंदा माझी दाढ दुखायला लागली. मी एकाच बाजूनं चावतोय, हे आधी आजोबांनाच कळलं. दातांवर दगडासारखा थर साचलाय, भूल देऊन साफ करावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वय झालेलं, म्हणून आधी रक्त तपासलं, छातीचे ठोके ऐकले. सूनबाईंनी फ्रिजवर चिठ्ठी लावली: रात्री नऊनंतर साहेबांना खायला काही नाही. माझा वाडगा धुऊन उपडा घातला.

सकाळी मी त्या उपड्या वाडग्याला नाकानं ढकलत बसलो. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी अगदी बिचारा चेहरा केला होता. त्यात माझा हातखंडा आहे. अर्धा टोस्ट खाली आला आणि मी तो गट्टम केला.

दवाखान्यात विचारणा झाली. पोटात काही नाही, असं सूनबाईंनी सांगितलं. बरं झालं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भुलीत उलटी होऊन अन्न फुफ्फुसात गेलं, तर ते जिवावर बेततं. आजोबा माझा पट्टा धरून शेजारीच उभे होते. सूनबाईंनी मुद्दाम रजा काढली होती, आणि त्यांचा धाक आजोबांनाही आहे. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"मी दिलाय टोस्ट," आजोबा म्हणाले. "अर्धा. माझंच चुकलं, पोरी."

त्या दिवशीची भूल रद्द झाली, आणि सूनबाईंची रजा फुकट गेली.

आठवड्यानं पुन्हा जायचं ठरलं. त्या सकाळी आजोबांनी चहाच केला नाही. माझ्या वाडग्याशेजारी आपला कप उपडा घालून ते स्टुलावर बसून राहिले. सूनबाईंनी ते पाहिलं, आणि त्याच्या शेजारी स्वतःचाही कप उपडा घातला.

"चला बाबा," त्या म्हणाल्या. "आल्यावर सगळेच खाऊ."

आता माझे दोन दात गेलेत, पण दुखणं थांबलंय. टोस्ट मला सूनबाईच देतात, आणि तोही टेबलाच्या वरून. आजोबांच्या हातानं मला बारा वर्षं भरवलं, त्याचे उपकार आहेतच. पण त्या दिवशी दवाखान्यात त्यांच्या तोंडातून ते चार शब्द निघाले, म्हणून मी आज हे सांगायला उरलोय.