वाकड्या चोचीची लेखणी

मित्रांनो, जरा हात जपून! मी एक जुनी मेणलेखणी आहे आणि मी भाजते. अंगठ्याएवढी तांब्याची वाटी, तिला पुढे सुईसारखी बारीक चोच आणि मागे बांबूची दांडी, एवढाच माझा देह. वाटीत वितळलेलं मेण घ्यायचं, चोचीवर हलकी फुंकर मारायची आणि कापडावर रेघ ओढायची. मेण लागलं तिथे रंग चढत नाही, आणि असं बाटिक होतं. आमच्या योग्यकार्ता शहरात मला चांटिंग म्हणतात. तुम्ही मेणलेखणी म्हटलंत तरी मी ओ देईन.

तुम्हाला वाटेल, भाजणाऱ्या वस्तूला कसली आली आहे भीती? पण मी जन्माची भित्री. मेण जास्त तापलं की सांडतं, निवलं की चोचीतच गोठतं. कापडावर एक थेंब पडला की पडला. रंगवल्यावर तिथे पांढरा डाग दिसणारच. त्या एका थेंबाच्या धाकात माझं सगळं आयुष्य गेलं.

मला एका तांबटाने घडवलं, पाइनेम नावाच्या नव्या नवरीसाठी. पाइनेम डावरी होती. इकडे डाव्या हाताने कुणाला काही देणं-घेणं वाईट समजतात, म्हणून तांबट तिला हसला.

"डाव्या हाताने बाटिक? सासू घरात घेईल का?"

"तुम्ही चोच वळवा," पाइनेम म्हणाली. "सासूचं माझं मी बघते."

त्याने माझी चोच किंचित एका अंगाला वळवली. डाव्या हातात मी नीट बसते. उजव्या हातात धरलं की वाटी कलते आणि मेण ठिबकतं. हे माझं गुपित आहे, मित्रांनो, लक्षात ठेवा.

पस्तीस वर्षं आम्ही दोघींनी काम केलं. माझ्या रेघा नवऱ्या मुलींच्या अंगावर गेल्या, तान्ह्या बाळांच्या झोळीला गेल्या. लोक कापड डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "काय रेघ आहे!" पाइनेमच्या अंगठ्याने माझ्या दांडीवर खळगा पडला. पुढे तिच्या डोळ्यांवर पडदा आला. तेव्हा गावातल्या कला महाविद्यालयाने तिला बाटिकच्या वर्गात मेण वितळवायच्या कामावर ठेवलं. तिच्या पिशवीतून मीही तिथे गेले. आणि कुणीतरी आवराआवर करताना मला सगळ्यांच्या लेखण्यांच्या डब्यात टाकलं.

झालं! जो मला उचलायचा तो उजव्या हातात धरायचा आणि शिव्या घालायचा. "वाकडी आहे ही!" नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणाले असते, पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. मी डब्याच्या तळाशी गेले आणि गंजून हिरवी पडले. एकदा पाइनेम चुलीपाशी कुणाला तरी सांगत होती, "माझी चांटिंग हरवली हो." मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. पण मला तोंड कुठे आहे?

मग दिना आली.

तिचं पुरतं नाव ओलांदिना. समुद्रापलीकडच्या तिमोर देशातल्या डोंगराळ गावातून ती शिकायला आली होती. कागदपत्रांच्या घोळात तिला आठवडाभर उशीर झाला. वर्ग सुरू झाले होते आणि चांगल्या लेखण्या सगळ्यांनी उचलल्या होत्या. डब्यात उरले होते मी.

दिना डावरी होती. निघताना बंदरावर तिच्या मामाने तिला बजावलं होतं, "तिकडे डावा हात दिसू देऊ नकोस. रागावतात. परत पाठवतील." आणि पहिल्याच सकाळी, पाक सुगेंग, म्हणजे वर्गाच्या सुगेंग सरांनी, हजेरीचा कागद पुढे केला, तर घाईघाईत तिने तो डाव्याच हाताने घेतला. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, नुसते हसतात. सरही हसले. तिच्या गावात कुणीतरी खेकसलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. या हसण्याचा अर्थ मात्र तिला लावता येईना. त्या दिवसापासून तिने डाव्या हाताने काही धरलं नाही.

सर गोड आवाजात म्हणाले, "दडपण घेऊ नकोस हं. सहा आठवड्यांनी पहिलं कापड तपासू. परदेशच्या मुलांचं नाही जमलं, तर पुढे कधी पुन्हा येता येतं." गोड बोलणं होतं, पण अर्थ तिला कळला. कापड बिघडलं तर परतीची बोट.

माणसाची भीती मला फुंकरीतून कळते. दिनाची फुंकर तुटक यायची. ती मला उजव्या हातात धरायची आणि मी कलायचे. मेण ठिबकायचं. कापडाला खालून आधार द्यायला डावा तळहात लावतात ना, त्या तळहातावर कापडातून ते गरम मेण उतरायचं. जो हात मला सुतासारखं सरळ चालवू शकला असता, त्यालाच मी रोज भाजत होते! मला ओरडून सांगावंसं वाटायचं, "अगं, हात बदल!"

शेजारी रेंगानिस नावाची बडबडी मुलगी बसायची. "दिना, तुझ्या कापडाला कांजिण्या आल्यात की काय?" ती म्हणायची. दिना हसायची. तीही आता इथल्यासारखं हसायला शिकली होती.

सर रोज फिरत यायचे. रेंगानिसला म्हणायचे, "इथे रेघ जाड झाली. इथे मेण पुरतं झिरपलं नाही." दिनाच्या कापडाशी आले की नुसतं म्हणायचे, "छान. होईल हळूहळू." ज्याच्याबद्दल आशा असते त्यालाच माणूस चुका सांगतो, हे दिनाला कळत होतं. त्या 'छान'नंतर ती पुढची रेघ ओढायलाच कचरायची. माझ्या वाटीतलं मेणही लटपटायचं, खोटं नाही सांगत.

तिची आई गावी मागावर जो कोंबडा विणायची, तोच तिने तपासणीच्या कापडावर काढायला घेतला. एकावर एक कोंबड्यांच्या ओळी. पाचव्या आठवड्यापर्यंत अर्धं कापड झालं, आणि ते अर्धं कापड थेंबांनी भरलं.

शुक्रवारची दुपार होती. मुलं नमाजला गेली होती, मुली जेवायला. वर्गात चुलीपाशी पाइनेम तेवढी होती. सगळे तिला म्बाह, म्हणजे आजी, म्हणायचे. दिनाने मला पुसलं आणि उजव्या हाताने तिच्या पुढे धरलं.

"म्बाह, ही घ्या. मी गावी परत जाते."

पाइनेमने मला घेतलं. तिचा अंगठा खळग्यात बसला. इतक्या वर्षांनी तो अंगठा! मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी मेणाचे अश्रू ढाळले असते.

"ही कुठे सापडली तुला?"

"डब्यात. उरली होती."

"अगं, ही माझी आहे! आणि उजव्या हातात ही कशी चालेल? बघू तुझा हात." पाइनेमला दिसत कमी होतं. तिने दिनाचे दोन्ही तळवे चाचपले. डाव्या तळव्यावर भाजल्याचे फोड लागले. मग डाव्याच मधल्या बोटावर पेन्सिल धरून धरून पडलेला घट्टा लागला. "पोरी, तू डावरी आहेस."

दिनाने हात ओढून घेतला. "कुणाला सांगू नका, म्बाह! परत पाठवतील मला."

पाइनेम इतकी हसली की तिला ठसका लागला. "मग मला पस्तीस वर्षांत कुठे पाठवलं गं? कुणाला काही देताना डावा हात पुढे झालाच, तर म्हणायचं, 'माफ करा, डावा हात.' संपलं! चार वर्षांच्या पोराला येतं हे. तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही. सगळे हसले."

पाइनेमचं हसू मावळलं. "आमची खोडच ही," ती म्हणाली. "तोंडावर कुणी सांगायचं नाही." आणि तिने मला दिनाच्या डाव्या हातात दिलं.

काय सांगू तुम्हाला! राहिलेल्या अर्ध्या कापडावर दिना आणि मी भराभर कोंबडे काढत गेलो. मान, तुरा, शेपूट, एकही थेंब नाही. दिना मात्र रोज सगळे जेवायला गेल्यावरच ते कापड काढायची आणि तेव्हाच हात बदलायची. पाइनेमने किती सांगितलं, पण तिची भीती जाईना.

आणि तीच भीती आम्हाला नडली. तपासणीच्या दिवशी सरांनी कापड दोरीवर टाकलं आणि पहिल्यांदाच ते 'छान' म्हणाले नाहीत. अर्धं कापड थेंबांचं, अर्धं स्वच्छ. बराच वेळ बघून ते हळूच म्हणाले, "दिना, हे दोन माणसांचं काम आहे. ही रेघ मी ओळखतो. ही म्बाहची रेघ आहे."

दिना दोरीवरच्या कापडाकडे बघत राहिली.

"माझी?" चुलीपासून पाइनेम ओरडली. "अहो सर, मला कोंबडा आहे की बदक ते दिसत नाही, मी कसली रेघ ओढते! तिला काढून दाखवू द्या की."

सरांनी कोरं कापड टांगलं. दिना बसली. तिने मला मेणात बुडवलं आणि फुंकर मारली, पण ती फुंकर कसली, नुसता थरकाप होता. एक थेंब, आणि सगळं संपणार. मी जीव मुठीत धरून बसले होते. तिने मला डाव्या हातात घेतलं. मग थांबली, वर्गाकडे वळली आणि मान खाली घालून म्हणाली, "माफ करा, डावा हात."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"अगं वेडे," पाइनेम म्हणाली, "कापडाची कसली माफी मागतेस?"

आधी रेंगानिस फिसकन हसली, मग सगळा वर्ग. हे हसू निराळं होतं, पोटातून आलेलं. दिनाही हसली. हसता हसता तिने रेघ ओढली, मान, तुरा, शेपूट. शेवटी कोंबड्याच्या चोचीपाशी तिचा हात हसण्याने हलला आणि टप्पकन एक थेंब पडला.

माझा धीरच सुटला.

सर वाकले. त्यांनी त्या थेंबावर बोट ठेवलं. "इथे थेंब पडला," ते म्हणाले. "मेण फार तापलंय. उद्या चूल बारीक ठेव."

दिनाने मला खाली ठेवलं आणि ती रडायला लागली. रेंगानिस घाबरली. "अगं, एका थेंबाचं काय एवढं!" पण मला कळलं होतं. सरांनी तिला पहिल्यांदा चूक सांगितली होती. आणि सर 'उद्या' म्हणाले होते.

दिना आता तिसऱ्या वर्षाला आहे. रोज काम झालं की ती माझी चोच गरम पाण्यात धुते, आत एक केस घालून साफ करते आणि मला पाइनेमच्या हातात देते. खिडकीबाहेर नव्या वर्षाची नवी मुलं येताना दिसतात, आणि त्यांच्याइतकीच मीही घाबरते.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या वर्गात लांबून कुणी आलं, तर त्याला नुसतं हसून दाखवू नका. काय चुकलं ते त्याला सांगा, तोंडावर सांगा, आणि उद्या ये म्हणा. आणि तुमच्या डब्याच्या तळाशी एखादी वाकडी वस्तू असेल, तर फेकण्याआधी ती एकदा दुसऱ्या हातात धरून बघा.