बोट दाखवणारे बाण

ट्रकची चाकं बदलायचं ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याला फक्त चमक हवी होती. ॲलॉयचे रिम आणि नटांवर चकचकीत टोप्या.

"टोप्या नकोत," मी म्हटलं. "नट दिसले पाहिजेत. सैल झाला तर कळणार कसा?"

टायर आले तेव्हा त्यांच्यावरची तारीख मी स्वतः पाहिली. दीर हसायला लागले, "वहिनी, टोक मोडून बघा की, भेंडी कोवळी आहे का ते!" ते समोरच्या गॅरेजात नुकतेच फिटर म्हणून लागले होते, अजून पक्के झाले नव्हते. हे रिम जाड, त्यांना जुने बोल्ट आखूड पडतील, हे त्यांनीच सांगितलं. मग लांब बोल्ट आणि त्यांना साजेसे नट घेतले. टोप्यांऐवजी मी प्लास्टिकचे पिवळे बाण निवडले. प्रत्येक नटावर एक, दोन-दोनांची टोकं समोरासमोर. नट फिरला की बाण फिरतो. पहिल्या फेरीनंतर दिरांनी सगळे नट पुन्हा आवळले, बाण नीट लावले. तरी मी रोज सकाळी चहाआधी ट्रकभोवती फिरून एकेका बाणाला हात लावून बघायची. लेक माझ्या मागे मागे.

त्या दिवशी मागच्या चाकाचे बाण भलतीकडेच वळलेले दिसले. नवरा किल्ली घेऊन निघालाच होता.

"चढू नका!" मी ओरडले. गल्लीतली माणसं बाहेर आली. दीर धावत आले, वाकून बघायला लागले. मागोमाग गॅरेजचे मालक आले.

"भावोजी," मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमच्या हातात माझ्या मुलीचा बाप सोपवला होता मी."

लेक माझा पदर ओढत होती. मी खाली वाकले तर कानात म्हणाली, "आई, ते मी केलं. ते एकमेकांना बोट दाखवून भांडत होते. मी ते उपटून त्यांची तोंडं फिरवली."

"गप्प बस," मी म्हटलं. ऐकलं होतं मी, नीट ऐकलं होतं. पण आजूबाजूला सगळी माणसं होती आणि माझा आवाज अजून चढलेलाच होता.

मालकांनी पाना लावला. एकही नट तसूभर हलला नाही.

"घट्ट आहेत," नवरा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

"असणारच," मालक म्हणाले. "हा माझ्याआधी पोचला ना? आवळले असतील गुपचूप. चूक झाकणारा माणूस मला नको. सामान उचल तुझं."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन अशा आशेने. तेवढ्याने माझे कान तापले. लेकीने माझा पदर सोडला होता.

"त्यांनी काही केलेलं नाही," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "बाण हिने फिरवलेत. मघाशीच सांगितलं तिने मला. मीच तिला गप्प केलं."

"अहो, मग आधी बोलायचं ना! राहू दे रे तुझं सामान." मालक हसत सुटले. गल्लीही हसली. नवरा हसला नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी रोज त्या चाकांकडे बघते.

दीर बसून एकेक बाण सरळ करायला लागले. लेक जवळ गेली. "काका, परत भांडतील."

"नाही गं. एकमेकांवर लक्ष ठेवतात ते. तू लाव हा शेवटचा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"भावोजी, चहा टाकते," मी म्हटलं.

"नको, वहिनी. काम पडलंय," ते म्हणाले आणि तो शेवटचा बाण त्यांनीच लावला.