गाडी उचलत नाय

मी ठाकर, डोंगरावरच्या वाडीतला आदिवासी. समिधाचा बाप चांगोशेठ, भिसेगावचा जमीनवाला. अर्धी भातशेती फार्महाऊसवाल्यांना विकून उरलेल्या अर्ध्याच्या जोरावर माणसांची लायकी ठरवणारा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की तू तोंड का उघडलं नाहीस.

दहिवलीत माझं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, वर पाटी: दशरथ ऑटो. समिधा खालापूरला रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये. रोज गाडीने जा-ये. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा काच खाली करून म्हणाली, "गाडी उचलत नाय."

आमच्याकडे कुठलीही बाई मेकॅनिकला आधी दादा म्हणते, मग गाडीचं दुखणं सांगते. रिक्षावाला दादा, भाजीवाला दादा, गॅसची टाकी आणणाराही दादाच. समिधा दादा म्हणाली नाही. पहिल्या दिवशी विसरली असेल. दुसऱ्या खेपेला पाटी वाचून सरळ "दशरथ" म्हणाली. त्या न म्हटलेल्या दोन अक्षरांवर मी दोन वर्षं काढली.

गाडीत बिघाड नव्हताच. हल्लीच्या गाड्यांना पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नसते, वायर असते. पाय दाबला की पेडल निरोप पाठवतं, मधला कॉम्प्युटर तो वाचतो, विचार करतो, मग इंजिनाला सांगतो. सेकंदभर वेळ जातो त्यात. बनवणाऱ्यांनीच तसं ठेवलेलं असतं. त्यावर एक डबी मिळते, काडेपेटीपेक्षा जरा मोठी. पेडलच्या वायरीत मध्ये लावली की पायाचा निरोप ती ओरडून सांगते. गाडीची ताकद वाढत नाही. वाढते म्हणणारा थापा मारतो. फक्त वाट बघणं संपतं.

हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. मी म्हणालो, "आत काजळी धरलीय. साफ करतो. महिन्याभराने परत आणा."

ती आणत राहिली. दर महिन्याचा दुसरा शनिवार. मी एअर फिल्टर काढायचा, स्प्रे मारायचा, स्वच्छ असलेलं पुन्हा स्वच्छ करायचं. फुकट. ती जांभळाखाली जुन्या गाडीच्या सीटवर बसून बोलायची. तिच्या नखांत कायम कुठला तरी रंग अडकलेला असायचा.

"आज हिरवा?" मी विचारायचो.

"हिरवा नाय रं, समुद्री. डब्यावर तसंच लिहितात."

"आमच्या वाडीवर याला शेवाळच म्हणतात."

हसायची. एकदा म्हणाली, "तुझी वाडी दाखव की कधी." मी पान्यानेच डोंगराकडे बोट केलं, म्हणालो, ती काय, दिसते इथूनच. असा गाढव मी.

शेडमधून मोठ्या रस्त्याला लागायला छोटा चढ आहे. तिथे ती पाय दाबायची आणि गाडी सेकंदभर तशीच लोंबकळायची. तेवढ्यात ती आरशात बघायची. मागे मी, पाना हातात धरून उभा. मग गाडी निघून जायची. मला महिनाभर तेवढं पुरायचं. हसू येत असेल तर हसा.

या मार्गशीर्षात गाडी आली ती मधल्याच वारी. स्टेअरिंगवर चांगोशेठ, बाजूला ती. शेठने खाली उतरून डबी माझ्या हातावर आपटली.

"हे बसव. होणाऱ्या जावयाने पाठवलीय पुण्यावरनं. साखरपुड्याला आला, गाडी एकदा स्टेशनापर्यंत नेली आणि म्हणाला, ही झोपते. एका फेरीत कळलं त्याला. तू दोन वर्षं गाडीची पूजा घालत होतास काय रं?"

"साफ करत होतो, शेठ."

"चांगलं साफ केलंस."

त्याचा फोन वाजला. मंडपवाल्याशी भांडत तो रस्त्याकडे गेला. मी स्टेअरिंगखाली आडवा शिरलो, डोकं पेडलपाशी, पाय बाहेर. दारातून तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"तुला ठाऊक होतं ना?" ती म्हणाली.

"काय?"

"या डबीचं."

मी पेडलच्या वायरीचं लॉक दाबून काढलं. "पहिल्या दिवसापासनं."

चपला जागच्या हलल्या नाहीत.

"मला पण," ती म्हणाली. "दुसऱ्याच महिन्यात मोबाईलवर बघितलं मी."

"मग बोलली नाय कधी?"

"तू बोललास?"

डबी मध्ये बसली. खट्ट आवाज आला. आता नंबर लावायचा राहिला. सगळ्यात खालच्या नंबरावर ती गाडीला आधीपेक्षा आळशी करते. तिथे ठेवली असती तर पुण्याचा शहाणा तोंडावर पडला असता आणि गाडी माझ्याकडे परत आली असती. अंगठा बटणावर होता. मग वाटलं, येऊन? परत साफ करशील? दोन वर्षांत जे जमलं नाही ते मांडव पडल्यावर जमणार होतं होय रे भडव्या? आणि खालापूरला एक्सप्रेस वेवर चढताना मागून कंटेनर येतात. तिथे गाडी विचार करत बसली तर गाडीतल्या माणसाचं काही खरं नाही.

"चारवर ठेवलीय," मी बाहेर येत म्हणालो. "पावसात दोनवर आण. टायर घसरेल."

तिने मान हलवली. बोलायला तोंड उघडलं, तर शेठ आला.

"झालं काय रं?"

"झालं."

"तू चालव," तो तिला म्हणाला, "बघू काय फरक पडतो." आणि बाजूच्या सीटवर बसला. तिने गाडी वळवली, काच खाली केली. बापाकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाली,

"येते, दशरथदादा."

चांगोशेठला त्यात काहीच ऐकू आलं नाही.

मी सवयीने पाना धरून चढाकडे तोंड करून उभा राहिलो. तिने पाय दाबला आणि गाडी त्याच क्षणी उचलली. आरशात बघायला वेळ उरलाच नाही. काम चोख केलं होतं मी.